फुकटच्या पाण्याचा जमाखर्च

आपल्या जिल्ह्यात पाण्याचा विषय निघाला की दोनच गोष्टी ऐकायला मिळतात. पाणी कुणाला मिळाले आणि कुणाला मिळाले नाही. धरणाचे आवर्तन कधी सुटणार, टेलच्या माणसापर्यंत ते पोहोचणार का, टँकर किती दिवसांनी येणार, यावर चावडीपासून विधानसभेपर्यंत चर्चा होते. परंतु जे पाणी मिळाले त्यात आहे काय, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. आज मला त्याच प्रश्नावर चार शब्द लिहायचे आहेत. कारखान्यातून बाहेर पडलेले पाणी शेतात घ्यावे की घेऊ नये, त्यावर पिकवलेले धान्य आणि भाजी खावी की खाऊ नये, हा तो प्रश्न आहे. आपल्यातल्या अनेक कुटुंबांचे घर, शेत आणि विहीर या पाण्याच्या वाटेवर असल्यामुळे तो आपल्या घरचाच प्रश्न आहे.

मी व्यवसायाने कारकून आहे. बी. कॉम. झालो आणि एका संस्थेत वह्या लिहायला बसलो, त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. शेतीशास्त्राचा मी पंडित नाही. पण कोणत्याही व्यवहारात जमा कुठे पडली आणि खर्च कुणाच्या नावे टाकला, हे तपासायची सवय अंगात मुरली आहे. या पाण्याकडेही मी त्याच नजरेने पाहतो.

आपला अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे कालपर्यंतचा अहमदनगर, हा एकच जिल्हा असला तरी त्याला दोन तोंडे आहेत. एक तोंड प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या कालव्यांचे. तिथे ऊस आहे, कारखाने आहेत. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे धुराडे पेटले आणि पुढे जिल्हाभर कारखान्यांची रांग लागली. दुसरे तोंड पाथर्डी, कर्जत, जामखेड, पारनेरकडचे. तिथली माणसे कोयता घेऊन याच कारखान्यांच्या फडात ऊसतोडीला जातात. पाऊस मात्र दोन्हीकडे बेताचाच. १९७२ चा दुष्काळ आपल्या आई-वडिलांनी खडी फोडून काढला. २०१२-१३ आणि २०१५-१६ चे दुष्काळ आपण टँकरच्या रांगेत काढले. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा त्या यादीत आपल्या जिल्ह्यातले अनेक तालुके होते. अशा मुलखात कारखान्यातून निघालेले पाणी वाया जाऊ द्यायचे आणि शेजारचे शेत कोरडे ठेवायचे, हे कुणाच्याही मनाला पटणार नाही. म्हणून मी सुरुवातीलाच सांगतो, की हे पाणी शेतीला वापरण्याच्या मी विरोधात नाही. ते कसे वापरले जाते आणि त्याचा बोजा कुणावर पडतो, एवढेच मला विचारायचे आहे.

आधी हे पाणी म्हणजे काय ते समजून घेऊ. ऊस म्हणजे निम्म्याहून अधिक पाणीच. एक टन उसात सुमारे ७०० लिटर पाणी असते. रस उकळून साखर केली की हे पाणी वाफ होऊन बाहेर येते, आणि ते थंड करून कारखाना पुन्हा वापरू शकतो. त्याशिवाय चरक धुणे, जमीन धुणे, भांडी व बॉयलर साफ करणे, यातून घाण पाणी तयार होते. त्यात साखर, तेल, ग्रीस, चोथा असतो. पाणी किती घाण आहे ते मोजण्याचे एक माप आहे, त्याला बीओडी म्हणतात. पाण्यातली घाण खाऊन संपवायला जंतूंना किती प्राणवायू लागेल, त्याचा तो हिशेब. आपल्या घरातल्या सांडपाण्याचा हा आकडा लिटरला दोनशे-तीनशे मिलिग्रॅम असतो. साखर कारखान्याच्या प्रक्रिया न केलेल्या पाण्याचा हजार-दीड हजारापर्यंत जातो.

दुसरे पाणी याहून वेगळे आहे. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर डिस्टिलरीत जे काळे, आंबट पाणी उरते, त्याला कागदावर स्पेंटवॉश म्हणतात आणि गावात नुसते मळीचे पाणी. एक लिटर अल्कोहोलमागे ते साधारण आठ ते पंधरा लिटर निघते आणि त्याचा बीओडी चाळीस-पन्नास हजारांच्या घरात असतो. ते कच्चे शेतात किंवा ओढ्यात सोडायला परवानगी नाही. त्यापासून आधी गॅस काढायचा, मग प्रेसमडमध्ये मुरवून खत करायचे किंवा आटवून बॉयलरमध्ये जाळायचे, असा नियम आहे. तेव्हा कुणी 'कारखान्याचे पाणी' असे म्हणाले, की पहिला प्रश्न विचारावा की कोणते? साखरेचे की डिस्टिलरीचे? प्रक्रिया झालेले की तसेच सोडलेले? एकाच ओढ्यातून ही सगळी पाणी वाहू शकतात आणि वरून पाहणाऱ्याला रंगाखेरीज काही कळत नाही.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो. गावाचे आणि कारखान्याचे नाव घेत नाही, कारण अशी गावे एक नाही, अनेक आहेत. माझ्या आत्याला दीड एकर जमीन आहे. जुन्या वतनाची, सातबाऱ्यावर वर्ग ६ ब लिहिलेली. गावाने वतनदाराला दिलेली जमीन कुठली असणार? गावाच्या उताराला, ओढ्याच्या काठाला. आमची वस्तीही तिथेच आणि वस्तीची विहीरही त्याच अंगाला. आत्याचे यजमान लवकर गेले. या दीड एकरावर तिने दोन मुली उजवल्या, मुलाला आयटीआय केले. कांदा, लसूणघास, मेथी, कोथिंबीर. भाजी डोक्यावर घेऊन आठवडे बाजारात बसायचे, हा तिचा नेम.

२०१८ च्या हिवाळ्यात तिच्या विहिरीने तळ गाठला. शेतं ओसाड पडली. पण ओढा वाहत होता! वर चार किलोमीटरवर कारखाना सुरू झाला होता आणि त्याचे पाणी ओढ्याला आले होते. काठावरच्या सगळ्यांनी इंजिने बसवली, पाईप टाकले. आत्याच्या मुलानेही टाकला. बिल नाही, पाळी नाही, पाटकऱ्याच्या विनवण्या नाहीत. त्या वर्षी तिचा कांदा चांगला आला. मेथी तर इतकी काळीशार, की बाजारात बायका हातात घेऊन पाहायच्या. त्यात नवल नव्हते. उसाच्या पाण्यात पालाश असते, सेंद्रिय घाण असते, आणि योग्य प्रमाणात ते जमिनीला खतासारखेच लागू पडते. कृषी शास्त्रज्ञही हे नाकारत नाहीत.

दुसऱ्या वर्षी चिन्हे दिसू लागली. ती आधी शेतात दिसली नाहीत, स्वयंपाकघरात दिसली. आत्याच्या सुनेने सांगितले की विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा फाटल्यासारखा होतो, साबणाला फेस येत नाही. मग पाण्याला पिवळट रंग आला आणि सकाळी पहिली बादली ओढली की कुजका वास यायचा. त्यानंतर शेत बोलू लागले. वाफ्यात पाणी मुरेना, डबक्यासारखे साचून राही. वाळल्यावर मातीवर पांढरे फुटू लागले. कांद्याची पात पिवळी पडली, गड्डा पोसेना.

असे का होते ते मी पुढे जाणकारांकडून समजावून घेतले. काळ्या मातीचा कण फार बारीक. पाण्याबरोबर आलेले सोडियम त्या कणांना चिकटते, मातीची भुसभुशीत घडण मोडते आणि जमीन सिमेंटसारखी घट्ट होते. यालाच आपण चोपण म्हणतो. कालव्याच्या भागात जास्त पाणी देऊन बिघडलेल्या अशा जमिनी आपल्या जिल्ह्यात जुन्याच आहेत, क्षारांच्या पाण्याने तेच लवकर होते. मातीत न मावलेले पाणी खाली मुरते. आपल्याकडे खाली काळा कातळ आहे. त्याला भेगा असतात, आणि भेगेतून गेलेले पाणी वाळूतून गेल्यासारखे गाळले जात नाही. ते सरळ विहिरीत येते. त्यातली घाण खाताना जंतू पाण्यातला प्राणवायू संपवतात. प्राणवायू संपला की खडकातले लोह आणि मँगनीज पाण्यात विरघळू लागतात. पिवळा रंग आणि वास यांचे मूळ तिथे असते.

हे केवळ आमच्या वस्तीचे रडगाणे नाही. नेवासा तालुक्यातले सोनई हे नाव उच्चारले की आपल्या माणसांना २०१३ सालचे तिहेरी हत्याकांड आठवते. त्याच सोनईच्या परिसरातले भूजल पवार, पोंढे आणि पाटील या तीन अभ्यासकांनी तपासले होते. साखर कारखान्याच्या सांडपाण्यामुळे तिथले भूजल दूषित झाल्याचा त्यांचा निबंध १९९८ साली एका आंतरराष्ट्रीय भूशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे गेल्या पंचवीस वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट शास्त्राला ठाऊक आहे. ती ठाऊक नाही ती विहिरीवर घागर घेऊन जाणाऱ्या बाईला.

वस्तीत या विषयावर एका रविवारी विहारात बैठक घेतली. वंदना झाली आणि चर्चेला तोंड फुटले. तरुण मुले तापलेली होती. त्यांचे म्हणणे, कारखान्यावर मोर्चा न्यायचा आणि पाणी तिथल्या तिथे बंद करायला लावायचे. आत्या मागच्या रांगेतून उठली. म्हणाली, "मोर्चा काढा, मी बी येते. पर पानी बंद झालं तर उद्या माझ्या मेथीला काय घोषणांचं पानी देऊ?" सगळे हसले, पण प्रश्न हसण्याचा नव्हता. तिच्याजवळच बसलेली एक सून म्हणाली, "आत्याबाई, तुमची मेथी जगू द्या. पण माझ्या लेकरानं काय प्यायचं, ते तुम्हीच सांगा." यावर आत्या खाली बसली. एक गृहस्थ कारखान्यात हंगामी कामगार होते. ते म्हणाले, "धुराडं बंद पडलं तर माझी चूल बंद पडंल, हे बी ध्यानात घ्या."

वाचकहो, तिघांचेही म्हणणे खरे होते. आपल्या वस्तीतल्या पाण्याच्या भांडणाचे खरे दुखणे हेच आहे. ज्याचा फायदा आहे आणि ज्याचे नुकसान आहे, ते एकाच ओसरीवर बसलेले असतात. ज्याने पाणी सोडले तो त्या बैठकीत नसतोच. म्हणून आपण आपसात भांडत राहतो.

त्या दिवशी मी कागद-पेन घेतले आणि सर्वांसमोर जमाखर्च मांडला. तोच इथे मांडतो.

केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने जानेवारी २०१६ मध्ये साखर कारखान्यांसाठी सुधारित नियम काढले. त्यानुसार एक टन ऊस गाळताना जास्तीत जास्त २०० लिटर सांडपाणी बाहेर पडावे. जमिनीवर सोडायचे असेल तर त्याचा बीओडी १०० च्या वर नसावा, नदी-नाल्यात सोडायचे असेल तर ३० च्या वर नसावा. कोणत्या मातीला किती पाणी द्यायचे तेही लिहिले आहे. वाळूच्या जमिनीला हेक्टरी रोज २२५ ते २८० घनमीटर चालते. चिकण मातीला मात्र ३५ ते ५५ घनमीटरच. आणि शेताला पाणी नको असेल त्या दिवसांसाठी, झिरपणार नाही असा अस्तराचा तलाव, पंधरा दिवसांच्या साठ्याचा.

आता गुणाकार करा. रोज ५,००० टन ऊस गाळणारा कारखाना धरला, तर २०० लिटरप्रमाणे रोजचे १० लाख लिटर पाणी झाले. म्हणजे १,००० घनमीटर. आपल्या काळ्या चिकण जमिनीवर ते नियमाप्रमाणे जिरवायचे तर १८ ते २९ हेक्टर रान लागेल. साधारण ४५ ते ७० एकर. म्हणजे ६० एकरांत पाईपने पसरले तर हेच पाणी दुष्काळात सोन्यासारखे. तेच ओढ्यात सोडून दिले आणि काठावरच्या पाच-सहा एकरांनी उपसले, तर तेच जमिनीचा काळ होते. पाणी तेच आहे. फरक पडतो तो पसरण्याच्या हिशेबाने.

आता खतावणी पाहा. पाईप टाकायचा, तलावाला अस्तर करायचे, ६० एकरांच्या शेतकऱ्यांशी करार करायचा, याला पैसा लागतो. ओढ्यात सोडले की तो खर्च वाचला. ही झाली सोडणाऱ्याची जमा. आत्याला विनाबिल पाणी मिळाले, एक वर्षाचा कांदा मिळाला. ही तिची जमा. खर्चाच्या बाजूला काय? जमीन चोपण झाली, ती आत्याच्या नावे. विहीर बिघडली, ती सगळ्या वस्तीच्या नावे. जारचे पाणी विकत घ्यावे लागले, ते प्रत्येक चुलीच्या नावे. कोणत्याही वहीत हे लिहिलेले नाही, म्हणून ते झालेच नाही असे समजले जाते. माझ्या धंद्यात याला ताळेबंद म्हणत नाहीत, लपवाछपवी म्हणतात. फुकटचे पाणी फुकट नव्हते. त्याचे बिल दुसऱ्याच घरी गेले होते.

जगात याचे धडे आहेत. जपानमध्ये तोयामा नावाच्या भागात जिंझू नदी आहे. वर कामिओका येथे खाण होती. खाणीच्या पाण्यातले कॅडमियम नदीत आले, नदीचे पाणी भातखाचरांत गेले आणि तो भात लोकांनी वर्षानुवर्षे खाल्ला. माणसांची मूत्रपिंडे निकामी झाली, हाडे इतकी ठिसूळ झाली की साध्या हालचालीनेही मोडत. यात सर्वांत जास्त बळी पडल्या त्या वय झालेल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या बायका. वेदनेने त्या जे ओरडत त्यावरूनच रोगाला नाव पडले, इताई-इताई. आपल्याकडच्या 'आई गं, दुखतंय' सारखे. १९६८ साली सरकारने तो प्रदूषणाचा रोग म्हणून मान्य केला. शेतातली विषारी माती बदलण्याचे काम २०१२ पर्यंत चालले होते. उसाच्या पाण्यात असे कॅडमियम नसते, हे खरे. घाबरवण्यासाठी मी हे सांगत नाही. पण एमआयडीसीत मुलामा देणारे, रंगाचे, रसायनांचे कारखानेही असतात आणि त्यांचे पाणी उसाच्या पाण्यासारखे नसते. जड धातू पिकातून ताटात येतात आणि चवीला कळत नाहीत. म्हणून तपासणीशिवाय अशा पाण्यावर धान्य-भाजी पिकवू नये.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. कॅलिफोर्नियाच्या केर्न परगण्यातही पाऊस कमी. तेलाच्या विहिरीतून तेलाबरोबर येणारे पाणी प्रक्रिया करून, इतर पाण्यात मिसळून तिथे १९९० च्या दशकापासून फळबागांना दिले जाते. दुष्काळात लोकांनी विचारले, या फळांत काय उतरते ते सांगा. तेव्हा तज्ज्ञांची समिती बसली, पिकांचे नमुने तपासले गेले, अहवाल लोकांपुढे ठेवला गेला. ते पाणी उत्तम की वाईट, या वादात मी शिरत नाही. तिथल्या माणसाने विचारले आणि त्याला उत्तर द्यावे लागले, एवढेच मला महत्त्वाचे वाटते.

आमच्या बैठकीत शेवटी एकमताने तीन मागण्या ठरल्या. एक, ओढ्यात पाणी सोडणे बंद करा, पण पाणी बंद करू नका. प्रक्रिया करून, पाईपने, नियमात बसेल एवढ्या रानावर द्या. दोन, ते पाणी आणि वस्तीची विहीर यांची तपासणी दर हंगामात करून आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. तीन, विहीर सुधारेपर्यंत वस्तीला पिण्याचे पाणी द्या. कामगार गृहस्थांनीही या कागदावर सही केली, कारण यात धुराडे बंद करण्याची भाषा नव्हती. आत्याने अंगठा दिला नाही. साक्षरता वर्गात शिकलेली सही केली.

अर्ज ग्रामपंचायत, कारखाना आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला गेले. सोबत माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपयांचा एक अर्ज मी स्वतः टाकला. त्यात मंडळाने कारखान्याला दिलेल्या संमतीपत्राची प्रत मागितली. ही प्रत फार उपयोगी असते, मित्रांनो. किती पाणी, कोणत्या दर्जाचे, कुठे सोडायचे, हे त्यात लिहिलेले असते. आमच्या प्रतीत पाणी शेतावर द्यायचे असे होते, ओढ्याचे नाव कुठेही नव्हते. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात नदी, नाला आणि विहीरच काय, जमीनसुद्धा येते. तेव्हा 'आमच्या हद्दीबाहेरचे आम्हाला विचारू नका' हे उत्तर चालत नाही. विहिरीचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत दिला. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असे भारतीय मानक आहे. आमच्या विहिरीने २००० ची रेघही ओलांडली होती.

हे सारे लवकर झाले नाही. फेऱ्या झाल्या, अर्जाला स्मरणपत्रे झाली, एकदा दमदाटीही झाली. पण आकडे हातात असले की माणसाचा आवाज आपोआप ठाम होतो. मंडळाचा माणूस येऊन नमुने घेऊन गेला. पुढच्या हंगामात ओढ्यातले पाणी थांबले. वरच्या बाजूला अस्तराचा तलाव झाला आणि तिथून पाईपने पाणी देणे सुरू झाले. आज आत्याला आठवड्यातून ठरलेल्या पाळीने पाणी मिळते आणि ती ते विहिरीच्या नव्हे, शेततळ्यातल्या पावसाच्या पाण्यात मिसळून देते. माती तपासून जिप्सम टाकले, ताग गाडला. कांदा पूर्वीसारखा नाही, पण येतो. विहीर मात्र अजून पिण्याजोगी झालेली नाही. चार पावसाळे धुऊन गेले, रंग गेला, क्षार पुरते गेले नाहीत. पाणी बिघडायला दोन हंगाम पुरले, सुधारायला किती लागतील ते बघायचे आहे.

आता घरच्या बायाबापड्यांसाठी काही सांगतो. पाण्यात डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, रंग किंवा वास बदलला, की 'उन्हाळ्यामुळे असेल' म्हणून सोडू नका. पाणी उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत, उलट घट्ट होतात. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे किट वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. आपल्या वस्तीतली एक तरी मुलगी त्या पाचांत असली पाहिजे. ग्रामसभेत तसा आग्रह धरा. कारखान्याचे पाणी शेतात घ्यायचेच असेल, तर आधी पाण्याची आणि मातीची तपासणी करा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा परिसर आपल्यापासून लांब नाही, कृषी विज्ञान केंद्रेही आहेत. अहवालात ईसी नावाचा आकडा असतो. तो ०.७५ च्या आत असेल तर ठीक, २.२५ च्या पुढे असेल तर ते पाणी नेहमीच्या जमिनीला देऊ नये. कोथिंबीर, मेथी, मुळा, काकडी, जे आपण कच्चे खातो आणि ज्याला पाणी थेट लागते, त्यावर हे पाणी मारू नका. ऊस, चाऱ्याची पिके, झाडे यांना द्या. विहिरीच्या लगतच्या वाफ्यात कधीच सोडू नका. आणि उभ्या पावसात, जमीन ओली असताना पाणी घेऊन त्यांचा तलाव रिकामा करून देऊ नका. ते आपले काम नाही.

शेवटी एकच गोष्ट. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा आपल्याला पाण्याला हात लावायचा हक्क मिळवायचा होता. डिसेंबर १९३९ मध्ये ते आपल्याच जिल्ह्यात, हरेगावला वतनदारांच्या परिषदेला आले, तेव्हा प्रश्न वतनाच्या जमिनीचा होता. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात पाटबंधाऱ्याचा विषय हाताळताना त्यांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया घातला, कारण पाणी हे नियोजनाने सगळ्यांना वाटायचे असते, हे त्यांना ठाऊक होते. आज पाण्याला हात लावायला आपल्याला कुणी उघडपणे अडवत नाही. पण त्या पाण्यात काय आहे ते आपल्याला सांगतही नाही. ते विचारण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. दहा रुपयांचा अर्ज लागतो आणि तो लिहिणारा एक माणूस लागतो. प्रत्येक वस्तीत तसा एक तरी माणूस तयार व्हावा, आणि शक्य झाल्यास ती बाई असावी. कारण पाण्याची चव बिघडली की पहिल्यांदा तिलाच कळते.

जयभीम.